परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर १८ टक्के जीएसटी लावला तेव्हाच फोन ठेवायला हवा होता

आधी आकडा सांगते, कारण सगळे पहिले तेच विचारतात. एका ऑनलाइन कोर्सवाल्यांनी मला फसवलं, त्यात अडकले ४३,२५९ रुपये. रजिस्ट्रेशन ९९९, कोर्स फी ३४,०००, परीक्षा फी २,३६० आणि 'प्लेसमेंट सिक्युरिटी डिपॉझिट' ५,९००. यातले ३४,००० मी अजून फेडतेय, दर महिन्याला २,८३४ चा हप्ता खात्यातून जातो आणि ज्या कोर्ससाठी जातो तो कोर्सच आता बंद पडलाय, ॲप उघडत नाही, नंबर लागत नाहीत.

कोर्सचं नाव 'ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशन असिस्टंट'. घरबसल्या चार महिने, गॅप असला तरी चालेल, प्लेसमेंट असिस्टन्स शंभर टक्के. (असिस्टन्स म्हणजे नुसती मदत, हमी नाही. फोनवर हमी म्हणायचे, कागदावर मदत. नीट वाचत चला.) जाहिराती कशा असतात ते तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. पण एक सांगते, 'हाव सुटली असणार' असं ज्या नातेवाइकांनी म्हटलं त्यांचा मला भयंकर राग आहे. मला कुणी पैसे दुप्पट करून देतो म्हटलं नव्हतं. मी बीकॉम, लग्नाआधी कराडला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते, बिल्ट्या, आवक-जावक, पत्रव्यवहार सगळं मी बघायचे, मुलं झाल्यावर सुटलं. आता परत कुठे जायचं तर एक्सेल विसरलेलं, टॅली बदललेलं. रीतसर फी भरून शिकायला गेलेली बाई हावरट कशी होते?

फी एकदम नको म्हटल्यावर 'नो कॉस्ट ईएमआय करून देते ताई' म्हणाली ती काउन्सेलर. आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी, दहा मिनिटांत झालं. हे ईएमआय म्हणजे फीचे हप्ते नसतात हो, ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं! फायनान्स कंपनी संस्थेला एकरकमी पैसे देऊन मोकळी होते, पुढे संस्था पळाली तरी तुम्ही त्या कंपनीचे देणेकरी, आणि हप्ता थांबवला की सिबिल खराब. कर्जाच्या कागदात कूलिंग ऑफचे दिवस लिहिलेले असतात, तेवढ्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं तर दंड न लागता बाहेर पडता येतं. हे मला कधी कळलं, तर मुदत संपून महिने झाल्यावर.

शिकवणं काय होतं? पीडीएफ आणि रेकॉर्डेड व्हिडिओ. व्हीलुकअप, मेल मर्ज, मीटिंगचे मिनिट्स कसे लिहायचे, इंग्रजीत रजेचा मेल. व्हिडिओच्या कोपऱ्यात एक धुरकट पट्टी असायची, मला वाटायचं माझा मोबाइल जुना म्हणून. ती पट्टी दुसऱ्याच कुणाच्या तरी चॅनलचं नाव झाकायला होती, तेच व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. लाइव्ह डाउट सेशन सुरुवातीला झालं, मग सर आजारी, मग सर्व्हरचा प्रॉब्लेम, मग काहीच नाही.

तरी इथपर्यंत मी सोडून देते, कुणालाही कळलं नसतं. आता जे सांगते ते आठवलं की अजून झोप उडते.

शनिवारी दुपारी फोन आला की तुमचं प्रोफाइल पुण्याच्या एका कंपनीत शॉर्टलिस्ट झालंय, महिना १८,०००, वर्क फ्रॉम होम, फक्त सिक्युरिटी डिपॉझिट भरा, जॉइन झाल्यावर पूर्ण परत. किती, तर ५,९००. मी विचारलं, अशी कशी रक्कम? फोनवरची बाई म्हणाली पाच हजार आणि त्यावर जीएसटी. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी!! मी बीकॉम आहे हो! डिपॉझिट म्हणजे ठेव, ती विक्री नाही, सेवेचा मोबदला नाही, परत द्यायच्या ठेवीवर जीएसटी कसला? आणि मला त्या क्षणी ते खटकलंसुद्धा. मी तोंडाने म्हटलंसुद्धा की 'यावर जीएसटी?' ती हसून म्हणाली, 'मॅम, आता सगळ्यावरच आहे ना.' आणि मीही हसले. मीही हसले त्याच्यावर! यूपीआयवर नाव आलं ते संस्थेचं नव्हतं, कुठल्यातरी पुरुषाचं होतं, तेही बघितलं, विचारलं, तर म्हणे आमचे अकाउंट्सचे सर आहेत. पण घरात पाहुणे, कुकर लावलेला, तिकडून 'सहाच्या आत भरा मॅम, उद्या लिस्ट क्लोज होते'. बरं, आधीच ३७,३५९ गुंतलेले होते, तिथे ५,९०० साठी माघार घेणारी माणसं मला दाखवा. ती वेळ ते मुद्दाम निवडतात, घाई ते लावतात, बोलणी मात्र आम्ही खायची.

पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता. हा नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. दोन मिनिटांचं काम.

मग आली ती 'नोकरी'. डेटा एंट्रीचं काम, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, ९० टक्के ॲक्युरसी नसेल तर दंड, ऑनलाइन सही करा. तिथे मात्र मी सावध झाले, कारण हे प्रकरण मला माहीत होतं. सही केली की मुद्दाम नापास करतात आणि वकिलाच्या नावाने नोटिसा पाठवून पैसे उकळतात. मी नाही म्हटलं, डिपॉझिट परत मागितलं, तर 'कँडिडेटने ऑफर नाकारली, डिपॉझिट जप्त'. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, त्याआधी त्यांनी स्वतःचे अलीकडचे मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन करून घेतले. चॅटचे स्क्रीनशॉट रोजच्या रोज काढत जा, भांडण व्हायची वाट बघू नका. मावसभावाला संस्थेच्या पुण्यातल्या पत्त्यावर पाठवलं तर तिथे भाड्याने पत्ता देणारं व्हर्च्युअल ऑफिस, रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली आम्ही फक्त त्यांचं टपाल घेतो.

आता पोलीस. आमच्या इथल्या ठाण्यात गेले तर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'ताई, तुम्ही शिकलेल्या ना? मग पैसे कशाला पाठवले?' हा तपास! मग म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्स तर दिला ना त्यांनी. मग म्हणे संस्था पुण्याची, पुण्यात जा. मी घरून वाचून गेले होते की १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, हद्द कुठलीही असली तरी झीरो एफआयआर घ्यावी लागते, फसवणुकीचं कलम आता ४२० नाही तर ३१८ आहे. हे म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला, 'मग तुम्हीच लिहा एफआयआर.' शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. सायबरवाल्यांनी सांगितलं ताई फार उशीर केलात, पैसे पुढे गेले. अहो, उशीर तुमच्या ठाण्याने केला ना! बँकेतल्या मॅनेजरबाई म्हणाल्या व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, पिन तुम्ही टाकलाय, आम्ही काय करणार. फायनान्स कंपनी म्हणते संस्थेशी बोला. संस्था कुठाय? यातल्या एकाने तरी 'बसा, पाणी घ्या' म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. प्रत्येक जण आधी माझं शिक्षण विचारतो, चोराचं नाव कुणी विचारत नाही.

म्हणून पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, ठाण्यात नंतर जा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जायची शक्यता जास्त.

'सरकारमान्य' या शब्दाला तर अजिबात भुलू नका. यांच्या सर्टिफिकेटवर उद्यम नंबर आणि आयएसओ छापलेलं होतं. उद्यम म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, ती फुकट असते, उद्या मी पापडाचा धंदा काढला तर मलाही मिळेल, त्याचा कोर्सच्या दर्जाशी काडीचा संबंध नाही. क्लार्कच्या सरकारी भरतीत टायपिंग मागतात तेव्हा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेचं संगणक टंकलेखनाचं सर्टिफिकेट लागतं, मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४०, आणि ती परीक्षा केंद्रावर बसून द्यावी लागते. सोबत एमएस-सीआयटी. घरी शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतून आहेत, फुकट. मी परवा इथल्या एका सीएंच्या ऑफिसात जाऊन आले, त्यांनी माझं ते गुळगुळीत सर्टिफिकेट हातातसुद्धा घेतलं नाही, म्हणाले एक पत्र टाइप करून दाखवा आणि टॅलीत चार व्हाउचर टाका.

ग्राहक आयोगाचं मात्र करतेय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला हेलपाटे नाहीत, पाच लाखांपर्यंत फी शून्य, ई-जागृती पोर्टलवर घरून भरता येते. संस्था आणि फायनान्स कंपनी दोघांनाही पार्टी केलंय. त्या यूपीआयवाल्या सरांचं नाव असलेला स्क्रीनशॉट पहिल्या पानावर जोडलाय. तुमच्यापैकी कुणी अशाच डिपॉझिटचे ५,९०० भरले असतील तर आधी आपापली पावती काढून त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा, तेच नाव निघालं तर एकत्र तक्रार करू.