मॅच एअर पिस्तूल : ट्रिगर आणि स्प्रिंगा बदलून आठ महिने झाले

ऐरोलीला आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक कोरा पांढरा कागद चिकटवलेला आहे. रात्री जेवणं उरकली की वीस मिनिटं त्या कागदासमोर उभा राहून मी रिकाम्या पिस्तुलाचा ड्राय फायर करतो (गोळी न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव). समोर काळं वर्तुळ नाही, गुण नाहीत, म्हणून सगळं लक्ष फोरसाइट (नळीच्या टोकावरची माशी) आणि बोटाकडे राहतं. गेल्या मे महिन्यात याच कागदासमोर मला पहिल्यांदा नीट जाणवलं की शॉट सुटण्याच्या क्षणभर आधी ट्रिगर बारीकसा खरखरतो. पायाखाली वाळूचा कण यावा तसा. त्या कणापाशी फोरसाइट दर वेळी किंचित डावीकडे सरकायची. रेंजवर माझे नऊ वाजता पडणारे शॉट (म्हणजे घड्याळातल्या नऊच्या दिशेला) कुठून येतात, हे दोन वर्षांनी कळलं.

पिस्तूल हवेच्या सिलिंडरवर चालणारं, ४.५ मिमीचं, १० मीटर मॅचचं. जुनं विकत घेतलेलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण झीज आधीच्या वापरातली होती, बनावटीत दोष नव्हता. ट्रिगर दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात बोट सैल अंतर खात जातं, मग एक ‘भिंत’ लागते, आणि त्या भिंतीवर आणखी थोडा दाब दिला की शॉट सुटतो. मॅच ट्रिगरची सगळी किंमत त्या भिंतीत आहे. ती रोज त्याच जागी लागली पाहिजे आणि काच तडकावी तशी एकदम सुटली पाहिजे. माझी भिंत मातीची झाली होती.

सुरुवातीलाच एक गोष्ट बोलून टाकतो, कारण रेंजवर नवे लोक मला हमखास हे विचारतात. हे सगळं एअर पिस्तुलाबद्दल आहे. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्राला आपल्याकडे परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा तर जेमतेम ५ ते ६ ज्यूल भरते. परवान्यावरचं, स्वसंरक्षणासाठी कमरेला लावायचं छोटं पिस्तूल असेल तर ते घरी उघडून त्यात स्प्रिंग टाकायचा विचारही करू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो; ते काम तशाच माणसाकडे द्या. शिवाय तिथे हलका ट्रिगर म्हणजे धोका. खिशातल्या, कमरेच्या हत्याराचा ट्रिगर जड असतो तो मुद्दाम.

आता माझी चूक. मी आधी घाई केली. ओळखीतून एका कारागिराकडे पिस्तूल दिलं. “सिअर घासून देतो, लोण्यासारखा होईल,” म्हणाला, आणि दोन दिवसांत परत दिलं. खरोखर लोण्यासारखा झाला होता. तिसऱ्या दिवशी रेंजवर पेलेट (शिशाची बारीक गोळी) न घालता लिव्हर, म्हणजे पिस्तूल शॉटसाठी तयार करायचा दांडा, मिटताना फट्‌कन हवा सुटली. बोट ट्रिगरजवळही नव्हतं. नळी समोर टार्गेटकडेच होती, पण माझे हात गार पडले. शेजारच्या लेनवर चौदा वर्षांची मुलगी उभी होती.

घरी येऊन सिलिंडर काढला, यंत्रणा उघडली आणि दागिन्यांच्या भिंगाखाली सिअर धरला. सिअर म्हणजे हॅमरला (हवेच्या व्हॉल्व्हवर आदळणाऱ्या ठोकळ्याला) अडवून धरणारा पोलादाचा छोटा खटका. ट्रिगर दाबला की तोच निसटतो. त्याची कड चाकूच्या पात्यासारखी सरळ हवी. माझ्या सिअरची कड एमरी पेपरने गोल झाली होती, एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. वरचा कठीण केलेला थरही तिथे उडालेला दिसत होता. अशी कड पॉलिश करून परत येत नाही, तो भाग बदलावाच लागतो. म्हणून ज्यांना ट्रिगर ‘स्मूद’ करून हवाय त्यांना सांगतो, सिअरला हाताने घासू देऊ नका. कोणालाही. त्यातला कोन अंशाच्या हिशोबात असतो आणि हात तेवढा खरा नसतो.

नवा सिअर, ट्रिगरच्या दोन स्प्रिंगा, हॅमरची स्प्रिंग आणि पुढे-मागे, तिरका करता येणारा ट्रिगर ब्लेड (बोट टेकतं ती पट्टी), असा संच मागवला. ट्रिगरचं सगळं मिळून साडेअकरा हजार, हॅमरची स्प्रिंग बाराशे. सिअर बसवून घेतला एका जाणत्या आर्मररकडून (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडून). स्प्रिंगा मी बसवल्या, कारण माझा धंदाच तो. रबाळे एमआयडीसीत मी रोज स्प्रिंगा तपासतो.

धंद्यातलं असल्यामुळे आधी एक प्रयोग मात्र केला होता. ट्रिगरच्या जुन्या स्प्रिंगवर गंजाचे ठिपके होते. खाडीकाठच्या ऐरोलीत पावसाळ्यात कपाटातल्या सुईलाही गंज चढतो. वाटलं, त्याच मापाची स्टेनलेसची करून घेऊ. तुर्भ्याच्या एका छोट्या कारखान्यात व्हर्नियरने माप देऊन दहा नग करून घेतले. माप तंतोतंत, तरी ट्रिगर हलका पडला. कारण साधं आहे. अशा स्प्रिंगा ज्या पियानो वायरच्या (कडक पोलादी तारेच्या) करतात, तिच्यापेक्षा स्टेनलेस तारेचा ताठरपणा साधारण आठव्या हिश्श्याने कमी असतो. तेवढाच फरक पडायचा होता, तेवढाच पडला. तो भरून काढायला तार जाड करावी, तर तिथे दुसरी गंमत: ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. ०.५० मिमीच्या जागी ०.४५ मिमी तार आली तर स्प्रिंग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मऊ होते. बाजारातल्या तारेच्या जाडीतला किरकोळ फरकसुद्धा बोटाला कळतो तो यामुळे. ते दहा नग अजून डबीत आहेत. कंपनीची स्प्रिंग घ्या आणि तिला महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावा, एवढंच त्यातून निघालं.

नवीन सिअर आणि स्प्रिंगा बसल्यावर पहिल्याच रात्री त्या कोऱ्या कागदासमोर उभा राहिलो. भिंत लागली. थांबलो. दाब वाढवला आणि सुटला. फोरसाइट जागची हलली नाही. पुन्हा, पुन्हा, चाळीसएक वेळा केलं. बायको आतून म्हणाली, “आज आवाज वेगळा येतोय.” तिला बंदुकीतलं काही कळत नाही, पण आधीचा ‘खर्र-टक’ जाऊन नुसता ‘टक’ आला होता, तो तिच्या कानांनी बरोबर पकडला.

ट्रिगरचं वजन (तो सुटायला लागणारा जोर) मी कमी केलं नाही, हे मुद्दाम लिहितो. १० मीटर एअर पिस्तुलाला नियमाने किमान ५०० ग्रॅम ट्रिगर लागतो (२५ मीटरला १००० ग्रॅम), त्यामुळे हलका करायला तशी जागाही नसते. आधी माझा ५२० होता, आता ५१५ आहे. पहिल्या टप्प्यात ३८०, भिंतीवर १३५. पण आधी दहा वेळा मोजलं तर ४९५ ते ५४० असं कुठेही यायचं. आता दहाच्या दहा वेळा ५१२ ते ५१७ मध्ये येतं. मला जे हवं होतं ते हे होतं. बोटाला पाचशे ग्रॅमचं ओझं कधीच जड नव्हतं. त्याला पुढचा शॉट कसा सुटणार याचा भरवसा नव्हता, म्हणून ते घाबरून ट्रिगर हिसकायचं.

हॅमरची स्प्रिंग बदलायची की नाही यावर मी महिनाभर अडून होतो. हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो आणि मोजकी हवा सुटते, त्यामुळे स्प्रिंग थकली की पेलेटचा वेग घसरतो. रेंजवरच्या क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) माझे आकडे सेकंदाला १३८ ते १४९ मीटर असे उड्या मारत होते. १० मीटरवर याने काय बिघडतं? हिशोब मांडला. १४८ च्या वेगाने पेलेट साधारण २२ मिमी खाली येतो, १३८ ने २६ च्या आसपास. म्हणजे फरक साडेतीन मिमीच्या घरात. टार्गेटवर एका गुणाची कडी ८ मिमी रुंद असते. माझ्यासारख्याच्या हाताच्या थरथरीपुढे हे काहीच नाही, पण चांगला सुटलेला शॉट ९.८ दाखवतो तेव्हा मन त्याच्यात अडकून बसतं.

शेवटी बदलली. वेग एकदम १५८ वर गेला आणि हवा जास्त खायला लागली. आणि जे मला आधी सुचायला हवं होतं ते घडलं: ट्रिगर बिघडला. ५१५ चा ५५० झाला आणि भिंत पुन्हा किंचित चिकट लागायला लागली. सिअर हॅमरला अडवून धरतो. हॅमरमागची स्प्रिंग ताठ झाली की सिअरवरचा दाब वाढतो, तो निसटायला जास्त जोर लागतो. दोन्ही स्प्रिंगा एकमेकींना बांधलेल्या आहेत. मग हॅमरचा दाब स्क्रूच्या पाव-पाव फेऱ्याने कमी करत १४८ वर आणला, आणि त्यानंतर ट्रिगर पहिल्यापासून लावला. आता वेग १४६ ते १५० मध्ये राहतो. तुम्ही दोन्ही बदलणार असाल तर हॅमरची आधी, ट्रिगरची नंतर. उलट केलंत तर माझ्यासारखं सगळं दोनदा करावं लागेल.

ब्लेडबद्दल थोडक्यात. जुना ब्लेड माझ्या बोटाला लांब पडायचा, म्हणून पेराच्या घडीजवळून दाबला जायचा. नवा ४ मिमी मागे घेतला आणि किंचित उजवीकडे फिरवला. पहिले तीन आठवडे गुण पडले, ६० शॉटला ५४०च्या खाली गेलो. बोटाची जुनी सवय मोडायला तेवढा वेळ लागतो, तेव्हा मॅचच्या तोंडावर ब्लेडला हात लावू नका.

ऑक्टोबरात एका स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्याच्या तपासणीला) फजिती झाली. नळी सरळ वर धरून ट्रिगरच्या मधोमध ५०० ग्रॅमचं वजन टांगतात आणि टेबलावरून उचलतात. एअर पिस्तुलात त्या वेळी हवेचा चार्ज भरलेलाच लागतो. वजन उचललं आणि टक, ट्रिगर ते न पेलता सुटला. दुसऱ्यांदाही टक. ट्रिगरचं वजन ठरवणारा छोटा स्क्रू महिन्याभरात आपोआप ढिला झाला होता. बाजूला जाऊन थरथरत्या हाताने ऍलन की फिरवली, पास झालो, पण पुढची अर्धी मॅच डोक्यात तो स्क्रूच होता. त्या रात्री त्याच्यावर हलक्या जोराचा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावला. तेव्हापासून किटमध्ये ५०० ग्रॅमचं वजन, ऍलन कींचा संच, जुन्या स्प्रिंगा आणि सील ठेवतो. टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, मौल्यवान मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिने त्याच प्रकारात कांस्य मिळवलं, पण टोकियोचं ते दृश्य मला अजून आठवतं. एवढ्या मोठ्या खेळाडूवर ती वेळ येते, तर आपण सुटे भाग घरी ठेवून कसं चालेल?

गुणांचं विचाराल तर आधी ६० शॉटला सरासरी ५४५ होती, गेल्या दोन महिन्यांत ५५३. आठ गुण. त्यातले किती स्प्रिंगांचे आणि किती रात्रीच्या वीस मिनिटांचे, ते वेगळं काढता येणार नाही. नऊच्या दिशेला जाणारे शॉट मात्र जवळजवळ थांबले. आता जे वाईट जातात ते खाली जातात, आणि ते माझ्या मनगटाचं काम आहे. आधी मी त्यांचंही खापर पिस्तुलावर फोडायचो.

नव्याने शिकणाऱ्याने हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाचशे पेलेटचा डबा घ्यावा आणि तो संपवावा. ज्याचं पिस्तूल जुनं आहे, ज्याच्या ट्रिगरचं वजन मोजताना वीस-तीस ग्रॅमने हलतं, किंवा लिव्हर मिटताना एकदाही शॉट सुटला आहे, त्याने मात्र थांबू नये. त्या शेवटच्या प्रकारात तर दुरुस्त होईपर्यंत पिस्तूल रेंजवर नेऊच नये.

काल रात्री परत मोजलं, ५१४. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचली तर त्याच्या वापराची दहा वर्षांची मुदत पुढच्या मार्चमध्ये भरते, म्हणजे आता पैसे त्याच्यासाठी बाजूला ठेवायचे आहेत.