वेगवान बाण की वजनदार बाण: शिकारीच्या धनुष्याची जुळणी ठरवताना

कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याने शिकार करणाऱ्यापुढे नवी जुळणी करताना बहुधा दोन मार्ग असतात: हलका आणि वेगवान बाण, किंवा मध्यम वजनाचा आणि थोडा धिमा बाण. दोन्ही बाजूंचे समर्थक आपापल्या मतावर ठाम असतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही वेग वाढवल्याने नेमके किती पदरात पडते आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे आकड्यांत मांडून पाहिल्याशिवाय निवड करू नये.

सुरुवात जाहिरातीतल्या वेगापासून करणे आवश्यक आहे. उत्पादक जो वेग छापतात, तो साधारणपणे ७० पौंड ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर), ३० इंच ड्रॉ लेंग्थ (दोरी मागे ओढण्याची लांबी) आणि ३५० ग्रेन वजनाचा, म्हणजे जेमतेम २३ ग्रॅमचा बाण धरून मोजलेला असतो. ड्रॉ लेंग्थ एका इंचाने कमी झाली की सेकंदाला सुमारे १० फूट वेग घटतो आणि ड्रॉ वेटमधील प्रत्येक पौंडामागे साधारण २ फूट जातात, असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे २८ इंच आणि ६५ पौंडांवर नेम धरणाऱ्याला जाहिरातीत ३४० फूट वेग सांगितलेल्या धनुष्यातून, तोच हलका बाण वापरूनही, ३१० फुटांच्या आसपासच वेग मिळतो. दोरीवर पीप (नेम धरण्याचे छोटे छिद्र) आणि डी-लूप (दोरी ओढण्यासाठीचा छोटा फास) बसवल्यावर त्यातूनही थोडा वजा होतो.

आता एकाच धनुष्यातून सोडलेले दोन बाण समोरासमोर ठेवू. एक ३५० ग्रेनचा, सेकंदाला ३०० फूट वेगाचा. दुसरा ४५० ग्रेनचा, २७० फूट वेगाचा. पहिल्याची गतिज ऊर्जा सुमारे ७० फूट-पौंड भरते आणि दुसऱ्याची ७३, कारण वजनदार बाण धनुष्यात साठलेल्या ऊर्जेचा अधिक वाटा सोबत घेऊन जातो. संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) तर दुसरा बाण जवळपास १६ टक्क्यांनी पुढे आहे. बाण गोळीसारखा धक्क्याने काम करत नाही. तो कापत जातो आणि रक्तस्रावाने जनावर पडते, म्हणून आरपार जाण्याची क्षमता येथे सर्वांत महत्त्वाची ठरते. भेदनाच्या निकषावर वजनदार बाण सरस आहे, याविषयी मला शंका वाटत नाही.

वेगवान बाणाची खरी बाजू आहे ती सपाट मार्गाची. अंतराचा अंदाज चुकला तर तो कमी खाली पडतो. हवेचा अवरोध बाजूला ठेवून हिशेब केला, तर ४० यार्डांसाठी धरलेला नेम प्रत्यक्षात ४५ यार्डांवरील लक्ष्यावर सोडल्यास हलका बाण ४.३ इंच खाली लागतो आणि वजनदार बाण ५.४ इंच खाली. म्हणजे १०० ग्रेन वजन कमी करून आणि ३० फूट वेग वाढवून पदरात पडला तो सुमारे एक इंच. मध्यम आकाराच्या हरणाच्या फुप्फुसांचा भाग साधारण आठ ते दहा इंच व्यासाचा धरला, तर हा इंच नगण्य म्हणता येत नाही. मात्र त्या परिस्थितीत दोन्ही बाण जीवघेण्या भागाच्या काठावर किंवा त्याबाहेर जात आहेत, आणि पाच यार्डांची चूक संभवत असेल तर कोणत्याच बाणाने तो नेम घेऊ नये. अंतर मोजणारा लेझर रेंजफाइंडर वापरणाऱ्याच्या बाबतीत ही चूक बहुतांशी आपोआप टळते. ३० यार्डांवर तीन यार्डांची चूक झाली, तर दोन्ही बाणांतील फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा राहतो.

दुसरा युक्तिवाद असा केला जातो की वेगवान बाणापुढे जनावराला हलायला सवड मिळत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,१२५ फूट असल्याने ३० यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज ०.०८ सेकंदात ऐकू येतो. हलका बाण ०.३० सेकंदात पोहोचतो आणि वजनदार ०.३३ सेकंदात. म्हणजे हरणाला एकीकडे ०.२२ सेकंद मिळतात, तर दुसरीकडे ०.२५. सावध असलेले हरिण दोन्ही वेळा उसळी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसू शकते. उलट वजनदार बाणामुळे धनुष्याचा आवाज आणि कंपन दोन्ही कमी होतात, आणि कमी आवाजाचा लाभ तीन शतांश सेकंदांपेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

अचूकतेच्या बाबतीत मात्र प्रश्न केवळ वजनाचा नाही, तर वेग कोणत्या मार्गाने मिळवला याचा आहे. ड्रॉ वेट वाढवून वेग मिळवला आणि ते धनुष्य शांतपणे, हात वर न उचलता, थंडीत ताठरलेल्या खांद्यांनी ओढता येत नसेल, तर नेम स्थिरावण्याआधीच बाण सुटतो. कमी ब्रेस हाइटच्या धनुष्यात, म्हणजे न ओढलेली दोरी आणि मूठ यांतील अंतर सात इंचांऐवजी सहा इंच असताना, दोरी बाणाला अधिक अंतरापर्यंत ढकलते. वेग वाढतो खरा, पण बाण दोरीवर जास्त लांबपर्यंत राहत असल्याने मनगटाचा बारीकसा पीळही त्याच्या दिशेत उतरतो. सरावाच्या मैदानावर हे दोष झाकले जातात. झाडावर अवघडून बसलेल्या, जाड कपडे घातलेल्या माणसाच्या हातून ते झाकले जात नाहीत.

सर्वांत जास्त घात होतो तो ब्रॉडहेडच्या, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकाच्या ठिकाणी. स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड बाणाच्या पुढच्या टोकाला छोट्या पंखांसारखे काम करते. बाण दोरीवरून किंचित वाकडा सुटला, तर ही पाती हवेला धरून त्याला बाजूला नेतात, आणि वेग जितका अधिक तितका हा ओढा अधिक. फील्ड पॉइंटने, म्हणजे सरावाच्या साध्या टोकाने, सगळे बाण मुठीएवढ्या जागेत (गटात) मारणारे धनुष्य त्याच दिवशी ब्रॉडहेडने वीतभर बाजूला मारू लागते, ते यामुळे. उपाय आहे, पण तो चिकाटी मागतो. प्रथम प्रत्येक बाण टोकावर उभा धरून फिरवावा. टोक थरथरले तर तो बाण शिकारीसाठी घेऊ नये. मग ३० यार्डांवर फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड आलटून पालटून सोडावेत. ब्रॉडहेडचा गट डावीकडे जात असेल तर रेस्ट (बाण ठेवण्याचा धनुष्यावरचा आधार) उजवीकडे, एका वेळी मिलीमीटरपेक्षाही कमी सरकवावी आणि दोन्ही गट एकत्र येईपर्यंत हे करत राहावे. २७० फूट वेगाला ही जुळवणी बहुधा लवकर साधते. ३०० फूट वेगाच्या पुढे अनेकांना अखेर मिटलेल्या पात्यांच्या, आघातानंतर उघडणाऱ्या ब्रॉडहेडकडे वळावे लागते, आणि ती पाती उघडताना बाणाची काही ऊर्जा खर्च होते. हलक्या बाणाकडे संवेग आधीच कमी असतो, ही गोष्ट येथे विसरू नये.

उलट टोकालाही जाऊ नये. बाणांच्या भेदनक्षमतेचा अभ्यास करणारे डॉ. एड अॅशबी यांनी जाड हाडासाठी किमान ६५० ग्रेनची मर्यादा सांगितली, ती अवाढव्य जनावरांच्या शिकारीत अर्थपूर्ण आहे. पण याच धनुष्यातून ६५० ग्रेनचा बाण सुमारे २३० फूट वेगानेच जाईल आणि वर सांगितलेली पाच यार्डांची चूक सात इंचांहून अधिक खाली नेईल. हरणासाठी इतका भार उचलण्याचे कारण मला दिसत नाही.

७० पौंडांच्या आसपास ओढणाऱ्या आणि ४० यार्डांच्या आत नेम घेणाऱ्या शिकाऱ्याने ४२० ते ४८० ग्रेनचा बाण आणि २६० ते २८० फुटांचा वेग निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उघड्या माळरानावर, जिथे जनावर सतत हलत असते आणि अंतर मोजायला वेळ मिळत नाही, तिथे ३८० ते ४०० ग्रेनपर्यंत खाली येणे समजण्यासारखे आहे. ५० पौंडांच्या आसपास ओढणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे: त्यांनी ४५० ग्रेनचा हट्ट धरला तर मार्ग फारच वाकतो, म्हणून ड्रॉ वेटच्या पौंडामागे सात ते आठ ग्रेन, म्हणजे ३५० ते ४०० ग्रेनचा बाण आणि त्यावर अरुंद, धारदार, दोन पात्यांचे ब्रॉडहेड त्यांना अधिक उपयोगी पडेल. कोणत्याही स्थितीत पौंडामागे पाच ग्रेनच्या खाली जाऊ नये. त्यापेक्षा हलका बाण उरलेली ऊर्जा धनुष्याच्या फळ्यांवर आणि दोरीवर सोडतो, आणि बहुतेक उत्पादक त्याविरुद्ध स्पष्ट सूचना देतात.

बाणाचे वजन वाढवायचे असेल तर ते पुढच्या टोकाला वाढवणे इष्ट, कारण गुरुत्वमध्य पुढे राहिल्याने उड्डाण स्थिर होते. शिकारीच्या बाणाचा गुरुत्वमध्य मध्यापासून त्याच्या लांबीच्या १० ते १५ टक्के पुढे असला की पुरते. मात्र टोक जड केले की दांडा सुटताना अधिक वाकतो आणि पूर्वी योग्य असलेला स्पाइन (दांड्याचा ताठपणा; आकडा जितका लहान तितका दांडा कडक) अपुरा पडू शकतो. म्हणून १०० ग्रेनऐवजी १५० ग्रेनचे टोक लावले, तर ४०० स्पाइनऐवजी ३४०चा कडक दांडा लागेल का, हे आधी तपासावे आणि रेस्टची जुळवणी पुन्हा मुळापासून करावी.