कोथरूडातला रविवारचा गोधडी गट, एकदा जाऊन बघाच

चार महिने जातेय, आता लिहायलाच हवं. क्वीअर म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांचा छोटा गट आहे, एकीच्या घरी हॉलमध्ये जमतो, जुन्या सुती साड्यांचे तुकडे जोडून सगळे मिळून एकच गोधडी शिवतात. शिवण येत नसली तरी चालतं, धावदोरा दहा मिनिटांत शिकवतात आणि हात कामात असले की माणूस आपोआप बोलायला लागतो, मी पहिल्या दिवशी खाली मान घालून नुसती सुई ओढत होते आणि तासाभरात घरी कुणालाच न सांगितलेलं सांगून मोकळी झाले. एक दादा आजीच्या इरकल लुगड्याचा काठ घेऊन आला, तो मधोमध लावलाय.

पुण्यात आपल्या लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट २००२ला सुरू झाला, पहिली प्राइड म्हणजे अभिमान मोर्चा २०११ला निघाला, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा कलम ३७७चा निकाल २०१८चा. हे सगळं मोठंच, पण मोर्चा वर्षातून एकदा, इथे दर रविवारी कुणीतरी वाट बघतं हो!

तक्रार एकच, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्या एक ताई त्यामुळे यायच्या थांबल्या. तळमजल्यावर जागा बघा प्लीज. चहा आणि साहित्याचे पन्नास रुपये, नसतील तर कुणी मागत नाही.