रोजच्या पूजेला सुती बाराबंदी आणि धोतर : श्रावण ते वैशाख वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या श्रावणात पांढऱ्या सुती कापडाची बाराबंदी, म्हणजे बटणांऐवजी बंदांनी बांधायचा अंगरखा, शिवून घेतली आणि सोबत साधं सुती धोतर घेतलं, दोन्ही खास रोजच्या पूजेसाठी. आता वैशाख चालू आहे. पावसाळ्यातला दमटपणा, पौषातली थंडी, सिद्धेश्वराची यात्रा आणि सध्याचं चाळिशीच्या वर गेलेलं ऊन, एवढं सगळं या कपड्यांनी पाहिलं. सोलापुरात बाराबंदी म्हटलं की जानेवारीतले यात्रेचे दिवस डोळ्यांसमोर येतात, आणि यात्रा संपली की ती घडी होऊन कपाटात जाते. वर्षभर देवापुढं ती घालून बसणारे थोडे. ज्यांच्या मनात असा विचार असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

आधी पूजा कशी असते ते सांगतो, कारण कपड्याची निवड त्यावरच ठरते. आमच्याकडं इष्टलिंगाची, म्हणजे लिंगायत अंगावर धारण करतात त्या छोट्या लिंगाची पूजा. आंघोळ करून भस्म लावायचं, मांडी घालून बसायचं, डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेलपान, फूल वाहायचं आणि मग लिंगावर नजर स्थिर करायची. हात छातीसमोर धरलेला, समोर समई तेवत असलेली, पाठ ताठ. या अवस्थेत कमरेला इलॅस्टिक काचलं, काखेत कापड ताणलं गेलं किंवा अंगावरचं वस्त्र सारखं खांद्यावरून घसरू लागलं, तर लक्ष लिंगावर न राहता कपड्यावर जातं. पूजेच्या कपड्याकडून माझी अपेक्षा मुख्यतः हीच आहे की, एकदा अंगावर चढवल्यावर त्याची आठवण होऊ नये.

यापूर्वी दोन गोष्टी वापरून झाल्या होत्या. एक अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, रेशमी कद. वस्त्र देखणं, अंगावर घेतलं की मन आपोआप सावरतं, यात शंका नाही. रेशीम रोज धुतलं नाही तरी सोवळ्याला चालतं असं जुनी माणसं मानतात, त्यामुळं पूर्वी घरोघरी कद, मुकटा असायचे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ही सोय लहान नाही. पण सोलापूरच्या घामात रेशीम टिकत नाही. घाम मुरला की काखेत आणि कमरेला पिवळे डाग पडतात आणि काही काळानं तिथला धागा कमजोर होऊन विरतो. शिवाय नेहमीचं रेशीम काढताना कोशातला जीव उष्णतेनं मारावा लागतो. दया हा धर्माचा पाया मानणाऱ्या घरात रोज ते नेसून बसणं मला जड जात होतं. कद आता लग्नकार्य आणि वडिलांच्या आठवणीच्या दिवसांपुरता ठेवला आहे.

दुसरं होतं बाजारात मिळणारं तयार सोवळं, केशरी, चमकदार, कमरेला इलॅस्टिक आणि निऱ्या आधीच शिवलेल्या. स्वस्त असतं, मिनिटभरात घालून होतं, धुतलं की लगेच वाळतं. पण यातली बहुतेक सोवळी पॉलिस्टरची असतात. घाम शोषत नाहीत आणि अंगाला चिकटतात. त्याहून मोठी गोष्ट विस्तवाची. पॉलिस्टरला आच लागली की ते वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. समई, निरांजन, धुपाटणं आणि कधी होम, म्हणजे पूजेत विस्तव कायम हाताच्या अंतरावर असतो. घेताना शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून जाळून बघा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिस्टरचा कडक गोळा बनतो. सूतसुद्धा पेट घेतं, ते अग्निरोधक नाही, म्हणून उपरण्याचं टोक मी नेहमी मांडीखाली खोचून बसतो.

आता बाराबंदी. कापड चाटी गल्लीत घेतलं. दुकानदारानं आधी टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड, पुढं केलं. ‘इस्त्री लागत नाही, पांढरेपणा टिकतो, यात्रेला सगळे हेच नेतात,’ असं तो म्हणाला. यात्रेच्या दोन-चार दिवसांसाठी ते चालेलही, रोजच्यासाठी नको. मी शुद्ध सुती, मध्यम जाडीचं, विणीत थोडं मोकळं कापड निवडलं. घरी आणून ते रात्रभर पाण्यात भिजवलं आणि वाळवून मगच शिंप्याकडं दिलं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि बाराबंदी आटली तर छातीवरचे पदर एकमेकांवर नीट येत नाहीत.

शिलाईबाबत सोलापूरकर नशीबवान. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली, पुढं गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमाग राहिले, चादर-टॉवेल राहिले आणि गणवेश शिवण्याचा धंदा मोठा झाला. चांगला हात असलेला शिंपी कुठल्याही पेठेत सापडतो. मात्र बाराबंदी सगळ्यांना जमत नाही. यात्रेसाठी दरवर्षी शिवणारा शिंपीच शोधा, कारण आतला पदर आणि बाहेरचा पदर यांचा हिशेब त्याच्या हातात बसलेला असतो. कापड, शिलाई आणि धोतर मिळून खर्च दीड हजाराच्या आत आला.

माझ्या बाराबंदीला खरोखर बारा बंद आहेत, म्हणजे सहा गाठी. आधी आतला पदर काखेजवळ बांधायचा, मग बाहेरचा त्यावर घेऊन बांधायचा. सुरुवातीला घाईच्या सकाळी हे काम लांबलचक वाटायचं. आता त्या गाठी मारता मारता तोंडात ‘नमः शिवाय’ ही पंचाक्षरी चालू होते आणि शेवटची गाठ बसेपर्यंत सकाळची धावपळ मागं पडलेली असते. बटणाच्या सदऱ्यात हे होत नाही. गाठींचा दुसरा लाभ असा की पोट भरलेलं असो की उपवासाचं, वस्त्र अंगाप्रमाणं सैल-घट्ट करता येतं. शिंप्याला एवढंच सांगा की बंद त्याच कापडाचे, दुहेरी शिवलेले आणि चांगले वीतभर लांब ठेव. आखूड बंदाची गाठ सुटते आणि नाडीसारखे गोल बंद धुण्यात पिळून त्यांची गुंतागुंत होते.

बाही हा एकच भाग मला बदलायचा आहे. यात्रेच्या पद्धतीनं शिंप्यानं ती मनगटापर्यंत आणि ऐसपैस ठेवली. लिंगाला अभिषेक करताना उजव्या हाताची बाही भांड्यात बुडते आणि डाव्या हाताच्या बाहीवरून पाणी कोपरापर्यंत ओघळतं. दुमडून वर केली तरी ती पुन्हा खाली येते. इष्टलिंग पूजेसाठी शिवणार असाल तर बाही कोपराच्या जरा खाली संपलेली बरी.

धोतराबद्दल थोडक्यात. नेसायला शिका, तयार इलॅस्टिकचं घेऊ नका. नीट खोचलेला काष्टा तासभर मांडी घालून बसलं तरी ढळत नाही. धोतर जितकं जुनं होतं तितकं मऊ होतं आणि जास्त चांगलं नेसता येतं.

पांढऱ्या रंगाविषयी अनेकांनी विचारलं, रोज पांढरं कसं परवडतं? पूजेला मला दुसरा कुठला रंग इतका सोयीचा वाटलेला नाही. भस्म पांढरं, पांढऱ्यावर ते दिसतच नाही आणि साध्या पाण्यानं निघतं. त्रास होतो तो हळदीचा आणि तेलाचा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालसर होतो आणि माणूस घाबरून अजून घासतो. घासू नका. धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हानंच उडतो आणि उन्हाची आपल्याकडं वानवा नाही. समईच्या तेलाचा डाग मात्र लगेच बघावा लागतो. त्यावर कोरडं बेसन किंवा भस्म दाबून ठेवायचं आणि नंतर कोमट पाणी, साबण. शेवटच्या पाण्यात थेंबभर नीळ घातली की पांढरेपणा राहतो.

धुणं रोजचं आहे, आणि खरं सांगायचं तर या कपड्याचा तोच सर्वांत मोठा खर्च. पाणी येण्याच्या दिवसाची वाट बघत कपडे साठवून चालत नाही. मी आंघोळीनंतर राहिलेल्या बादलीभर पाण्यात बाराबंदी आणि धोतर स्वतः पिळून टाकतो. मशीनमध्ये घालत नाही, बंद गुंततात. पावसाळ्यात जाड शिवणीच्या जागा, विशेषतः काख, दुसऱ्या सकाळपर्यंत दमट राहायच्या आणि कुबट वास यायचा. त्यामुळं दोन जोड हवेतच. एका जोडीवर पावसाळा निघत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, मोठं महत्त्व. अव्वा आजही तिचं लुगडं उंच दांडीवर काठीनं वाळत घालते आणि कुणाला शिवू देत नाही. तिच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि त्यांच्यासोबतच्या शिवभक्तांनी, म्हणजे शरणांनी, जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतकं नाकारली, हेही मी त्याच घरात शिकलो. कुणी शिवलं म्हणून माझी बाराबंदी विटाळत नाही. ती स्वच्छ हवी, घामाच्या वासाची नको, आणि शक्यतो आपल्या हातानं धुतलेली हवी. पत्नीचंही इष्टलिंग आहे, तीही रोज पूजेला बसते, महिन्याच्या कुठल्याही दिवशी. ती इरकल वापरते, अंग सुती आणि पदर रेशमी असलेली. तिचं म्हणणं असं की पूर्ण रेशमी साडी बसल्यावर मांडीवरून घसरते, सुती अंगाची इरकल जागेवर राहते आणि पदराला मान राखला जातो. घाईच्या दिवशी धुतलेला सुती पंजाबी ड्रेस घालूनही ती बसते आणि त्यानं तिच्या पूजेत काही उणं पडलेलं मी पाहिलेलं नाही.

यात्रेचा अनुभव वेगळा सांगायला हवा. भोगीच्या दिवशी शहरातल्या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकासाठी सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, उत्तर कसब्यातल्या मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघतात. त्या वाटेवर चालताना पाहावं तिथं पांढऱ्या बाराबंद्या. दुकानदार, यंत्रमाग कामगार, डॉक्टर, शाळकरी पोरं, सगळे एका वस्त्रात, आणि मधूनच ‘बोला, एकदा भक्तलिंग हर्र’ असा घोष उठला की हजारो आवाज त्याला उत्तर देतात. संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे ज्यांची ही यात्रा त्या सिद्धेश्वरांच्या, योगदंडाशी त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरलेल्या कथेतल्या कुंभारकन्येचं लग्न लागतं. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर तिचं प्रतीक म्हणून बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून ती होमात अर्पण करतात. नंदीध्वजांनाही वस्त्र असतं आणि शेवटी बाळीवेशीतल्या मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी होते, म्हणजे ते वस्त्र उतरवलं जातं. इतक्या वर्षांत हे सगळं बघत आलो होतो. पण श्रावणापासून रोज देवघरात घातलेली तीच बाराबंदी अंगावर घेऊन चाललो तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की, यात्रेचा वेश आणि माझा रोजचा वेश एकच झाला आहे. नवी कोरी बाराबंदी काखेत आणि मानेला टोचते, माझी वापरून मऊ झाली होती. दिवसभर चालूनही कुठं घासलं नाही. पहाटेच्या गारव्यात छातीवरचे दुहेरी पदर उपयोगी पडले, आत बनियनशिवाय काही लागलं नाही.

तेच दुहेरी पदर आता वैशाखात नको होतात. चैत्राच्या मध्यापासून सकाळी साडेसहालाच देवघरात घाम फुटतो, आणि पंखा लावला की समई विझते. सध्या बाराबंदी बाजूला ठेवून धोतर आणि सुती उपरणं एवढ्यावर बसतो. मलमलची बाराबंदी शिवून बघावी असं शिंप्यानं सुचवलं आहे. कापड पातळ असल्यामुळं बंदांच्या मुळाशी ते फाटू नये म्हणून तिथं आतून पट्टी लावावी लागेल, असंही तो म्हणाला.

कपड्याची अवस्था अशी : कापड शाबूत, उजव्या काखेतली शिवण एकदा उसवली ती घरीच टाचली, एक बंद विरत आला आहे तो बदलायचा आहे, गळ्याला हलका पिवळेपणा आहे. रोजच्या धुण्यात टिकलेल्या कपड्याकडून यापेक्षा जास्त मी मागणार नाही.

ज्यांची पूजा दहा मिनिटांची, ज्यांना सकाळची रेल्वे किंवा शिफ्ट गाठायची असते, त्यांनी स्वच्छ धुतलेलं सुती धोतर नाही तर साधा सुती पंचा आणि उपरणं वापरावं, पूर्ण पुरतं. ज्यांना थोडा वेळ बसायचं आहे त्यांनी बाराबंदी जरूर शिवावी. शिवायला मात्र दिवाळीच्या आधी टाका. मार्गशीर्ष लागला की यात्रेच्या ऑर्डरींनी शिंपी भरून जातात आणि मग मापं घेण्यातही घाई होते. मी मलमलचं कापड भिजवून वाळवून ठेवलं आहे. या आठवड्यात देऊन येतो, बाही कोपराखाली आणि बंद वीतभर.