फुकटच्या ऑर्केस्ट्राने तारलं, विकतच्या ढोलकीने घालवलं

एकांकिकेच्या म्युझिकसाठी दोन सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या सुट्या सुरांची रेकॉर्डिंग्ज, कीबोर्डवरून वाजवायची) वापरल्या, एक फुकटची आणि एक पैसे मोजून घेतलेली, आणि गंमत म्हणजे कामाला आली ती फुकटचीच.

फुकटची म्हणजे स्पिटफायर ऑडिओची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर. लंडनच्या मायदा व्हेल स्टुडिओत खरा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केलेली. मोठं प्रोफेशनल व्हर्जन 500 जीबीच्या वर जातं पण डिस्कव्हर 200 एमबीच्या आसपास, त्यामुळे माझ्या 8 जीबी रॅमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सात-आठ ट्रॅक टाकले तरी कुठे अडकली नाही. वाद्यं 33. माइकचं मिक्स एकच मिळतं, आवाज जवळ-लांब करता येत नाही, पण नाट्यगृहाच्या स्पीकरवर कोणाला कळणारे! फक्त नोट्स माउसने टाकून सोडून देऊ नका, मॉड व्हील (कीबोर्डवरचं चाक, त्याने सुराचा जोर कमी-जास्त होतो) हलवा, नाहीतर सगळं सपाट वाजतं. मी चेलोच्या एका लांब सुरावर व्हील हळूहळू वर नेलं तर बायको स्वयंपाकघरातून विचारते, कोण गेलं?

आता विकतची. देशी तालवाद्यांचं पॅक, नाव लिहीत नाही. डेमोतली ढोलकी ऐकली आणि लगेच कार्ड काढलं. उघडून बघतो तर एका थापेला एकच सॅम्पल! राउंड रॉबिन असलं तर कीबोर्डची तीच पट्टी परत दाबल्यावर त्याच थापेचं दुसरं रेकॉर्डिंग वाजतं, ते इथे नाहीच, मग जलद लयीत नुसतं शिलाई मशीन. घिस्से, म्हणजे ढोलकीवर हात घासून काढलेले घुमारे, दोनच आणि दोन्ही एकाच लांबीचे, टेम्पो 140 ला नेला की घिस्सा संपायच्या आत पुढची थाप येऊन आदळते. अहो, नाचणारीचं पाऊल बघून वादक घिस्सा लांबवतो, तो पट्टी दाबून कुठून येणार? आणि डाउनलोड झालं की रिफंड नाही, असा एका ओळीचा मेल आला.

त्यातली पेटी तेवढी बरी आहे, पेटीला मुळात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही म्हणून निभावतं. बासरी आणि सारंगी उघडूच नका.

शेवटी एका ढोलकीवाल्या मित्राला बोलावलं, बेडरूममध्ये भिंतींना गाद्या लावल्या, मिसळीवर वीस मिनिटांत काम झालं. जाताना सहा वेगवेगळ्या लांबीचे घिस्से मागून घेतले, आता ते कापून रीपरच्या सॅम्पलरमध्ये भरतोय.