मीटर पळतंय असं वाटतंय? मॅनेजरला सांगायचं, टेस्टिंगला टाकायचं की चेक मीटर लावून घ्यायचं

दोघांच्या घरात, एसी नाही काही नाही, आणि युनिट १८० वरून एकदम ४१२. आमच्याकडे हे झालं तेव्हा मी जे सगळे करतात तेच केलं, सोसायटीच्या मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅप टाकला. उत्तर आलं, "ताई, कम्प्लेंट टाकली आहे." पुढचे दोन महिने तेच उत्तर. त्यामुळे आता कोणी विचारलं की आधी कुठे जायचं, तर मी लांबलचक बोलते, घ्या ऐकून.

सगळ्यात आधी बिल कोणाचं आहे ते बघा. बिलावर वीज कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तुमचं नाव असेल तर मीटर कंपनीचं, तक्रार तुम्हीच करायची. पण काही मोठ्या टॉवर्समध्ये कंपनीचं एकच मोठं कनेक्शन असतं आणि प्रत्येक फ्लॅटचं मीटर बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्या फॅसिलिटीवाल्यांचं, प्रीपेड वगैरे, जनरेटरचे युनिट पण त्यातच. तिथे कंपनीला तुमचा फ्लॅट दिसतच नाही, मॅनेजर आणि कमिटी हाच रस्ता, जे काय ते लेखी द्या आणि पोच घ्या. (२०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत बदल झाला, त्यानुसार एकच कनेक्शन ठेवायचं की प्रत्येकाला वेगळं हे रहिवाशांच्या मतदानावर ठरतं आणि कंपनीची वीज, जनरेटरची वीज आणि कॉमन एरिया यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, काढण्यासारखा विषय आहे.) पुढचं सगळं स्वतःच्या नावाचं मीटर असलेल्यांसाठी.

मॅनेजर विरुद्ध आपण स्वतः. मॅनेजरचा उपयोग आहे, नाही असं नाही. मीटर रूमची चावी त्याच्याकडे, वायरमन त्याच्या ओळखीचा, कटआउट (फ्यूज) जळाला, वायर लूज झाली, वायरी वर नेणाऱ्या डक्टमध्ये काही जळाल्याचा वास येतोय तर तो एका तासात माणूस आणतो. पण मीटरच्या तक्रारीत त्याला काहीच अधिकार नाही, आणि तक्रारीची तारीख फार महत्त्वाची. महाराष्ट्राच्या सप्लाय कोडप्रमाणे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमांप्रमाणे, मीटर सदोष निघालं तर बिलाची दुरुस्ती वाद सुरू झाला त्या महिन्याच्या मागे जास्तीत जास्त ३ महिन्यांची होते. म्हणजे "टाकली आहे, टाकली आहे" करत तुम्ही सहा महिने काढले आणि तुमच्याकडे तक्रार नंबरच नसेल तर त्यातले किती महिने हातात राहतील तुम्हीच बघा. तेव्हा महावितरण असेल तर १९१२ ला फोन किंवा अ‍ॅप, बाकी कंपन्यांचं त्यांचं त्यांचं, पण नंबर आपल्या मोबाइलवर आला पाहिजे.

आता टेस्टिंग. तीन प्रकार ऐकू येतील. पहिला अ‍ॅक्युचेक, म्हणजे कंपनीचा माणूस एक यंत्र घेऊन येतो, तुमच्या मीटरला जोडतो, घरात लोड, म्हणजे गिझर-इस्त्रीसारखं काहीतरी, चालू करायला सांगतो आणि अर्ध्या तासात मीटर किती टक्के पुढे की मागे ते सांगतो. झटपट, पण मीटर तापल्यावरच बिघडत असेल किंवा कधीतरीच उडी मारत असेल तर त्यात सापडत नाही. दुसरा लॅब, मीटर काढून सील करून नेतात, जागी दुसरं बसवतात, फी भरावी लागते. काढताना रीडिंगचा फोटो घ्या आणि पंचनाम्याची कॉपी मागा, लाजू नका. डिस्प्ले गेला असेल तर लॅबच बरी, एमआरआय करून (मीटरला रीडिंगचं यंत्र जोडून) आतला डेटा काढता येतो बऱ्याचदा. तिसरा चेक मीटर, तुमच्या मीटरला जोडून दुसरं मीटर लावतात आणि दोघांची युनिटं बघतात. २०२४ च्याच बदलात आहे की रीडिंग खऱ्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली तर ५ दिवसांत असं जादा मीटर लावायचं आणि किमान ३ महिने वापर तपासायचा. हे फारसं कुणाला माहीत नाही, अर्जात स्पष्ट लिहा. लॅब की चेक मीटर असं विचाराल तर बंद पडलेल्या किंवा आकडे गायब झालेल्या मीटरला लॅब, आणि "चालू आहे पण पळतंय" याला चेक मीटर, कारण ते तुमच्याच घरात तुमच्याच लोडवर तीन महिने चालतं.

पण इथेच मी फसले. मी लॅबची फी भरली, रिपोर्ट आला, मीटर ओके. आणि पुढचं बिल पुन्हा ४०० च्या वर.

कारण मीटर खरंच ओके होतं, वायर चुकीची होती. आणि गंमत म्हणजे अ‍ॅक्युचेक काय, लॅब काय, चेक मीटर काय, तिन्ही फक्त एवढंच सांगतात की मीटरमधून जेवढं जातंय तेवढं ते बरोबर मोजतंय का. जातंय ते कोणाचं, हे त्यात येत नाही. म्हणून अर्ज करायच्या आधी मीटर रूममध्ये अर्धा तास घालवा, फुकट आहे. कोणाला तरी घरात थांबवा, फोनवर बोलत बोलत मेन स्विच बंद करायला सांगा आणि तुमच्या नंबरच्या मीटरवरची लुकलुकणारी बत्ती बघा. थांबली पाहिजे. नाही थांबली आणि शेजारच्याची थांबली तर मीटरची अदलाबदल झालीये, नव्या बिल्डिंगमध्ये बिल्डरच्या वायरमनने हे करून ठेवलेलं असतं. कुठलीच थांबली नाही तर वेगळी भानगड. दुसरं, मीटरवर एका युनिटला किती ब्लिंक ते छापलेलं असतं, बऱ्याच सिंगल फेज मीटरवर ३२००. बाकी सगळं बंद करून हजार वॅटचा पाण्याचा रॉड लावला (बादलीत पाणी असताना, सांगायला नको) तर मिनिटाला साधारण ५३ ब्लिंक यायला हवेत. व्होल्टेजप्रमाणे चारपाच इकडेतिकडे होतात, पण ७५ आले तर मग खुशाल टेस्टिंगला टाका. सीलला आणि वायरींना मात्र हात लावायचा नाही, सील तुटलं की फॉल्टी मीटरची केस बाजूला राहते आणि छेडछाडीची सुरू होते.

आमच्याकडे मेन बंद करूनही बत्ती थांबेना. मग एक जुने लायसन्सवाले वायरमन आले, त्यांनी आधी विचारलं, "ताई, मीटरवरची ही अर्थची लाल बत्ती कधीपासून पेटलीये?" मला वाटायचं ती तशीच असते. त्यांनी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकत्र घातला, शून्य यायला पाहिजे होतं, नऊ अँपिअर दाखवत होता. वरच्या मजल्यावर बाथरूमचं रिनोव्हेशन झालं तेव्हा त्यांच्या गिझरचं न्यूट्रल डक्टमध्ये आमच्या न्यूट्रलला पिळून टेप मारून ठेवलेलं. आणि हल्लीच्या बऱ्याच सिंगल फेज मीटरमध्ये चोरी पकडायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि जे जास्त त्यावर युनिट धरतात, म्हणजे त्यांचा गिझर रोज माझ्या मीटरवर पण चढत होता.

तोपर्यंत बिल भरायचं की नाही? भरायचं, पण "अंडर प्रोटेस्ट", म्हणजे हरकत कायम ठेवून भरतोय, असं लेखी देऊन. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती भरली तर कनेक्शन तोडता येत नाही, आणि तसंही तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रागाने काहीच न भरणारे लोक मी बघितलेत, केस खरी असूनही घरात अंधार.

उलटं पण होतं, मीटर बंदच होतं म्हणून कंपनी एकदम वर्षादोन वर्षांचं ॲव्हरेज लावते. तिथेही सप्लाय कोडमध्ये बंद मीटरला जास्तीत जास्त ३ महिन्यांचंच बिल, मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीने. नाही ऐकलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल, ऑफिसं मुंबई आणि नागपूरला. वकील लागत नाही, बिलं, फोटो आणि तक्रार नंबर यांची फाइल लागते. मॅनेजरचे व्हॉट्सअ‍ॅप तिथे फार कामाला येत नाहीत.

आणि पैसे परत मिळाले का, हे सगळे विचारतात. मीटर अदलाबदल असती तर शेजाऱ्याचं कमी आणि माझं जास्त, हिशेब करून जमलं असतं. इथे वरच्या काकांकडे तावातावाने गेले तर त्यांनी त्यांची सगळी बिलं काढून दाखवली, त्यांच्या फेजवर त्यांचे युनिट पूर्ण लागलेले, त्यांनी पूर्ण भरलेले. एकाच गिझरचं बिल दोघांनी भरलं. कंपनी म्हणाली मीटरनंतरची वायरिंग तुमची, आणि डक्टमधला जोड सोडवायचे वायरमनचे सातशे रुपये काकांनी आणि मी निम्मे निम्मे दिले.