कंपोझिटचा सांधा: चिकटवावा की बोल्टने आवळावा?

पवनचक्कीच्या एकाच पात्यात जोडणीच्या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात. काचधागा आणि त्याला बांधून ठेवणारे रेझिन यांच्या कंपोझिटची दोन लांबलचक कवचे अ‍ॅडहेसिव्हने एकमेकांना चिकटवून पाते तयार होते आणि त्याच्या पोटातला उभा पडदाही चिकटवलेलाच असतो. तेच पाते हबला, म्हणजे पाती ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला, जोडताना मात्र बुंध्याच्या वर्तुळावर डझनावारी बोल्ट येतात, कारण पाते कारखान्यात तयार होऊन दूरवर न्यायचे असते, उंचावर बसवायचे असते आणि कधीतरी उतरवायचेही असते. शिवाय कवच पातळ आणि लांब असते, तर बुंधा जाडजूड असतो. ज्याला आपल्या कामासाठी या दोहोंतून एक पद्धत निवडायची आहे, त्याने अधिक मजबूत कोणती एवढेच विचारून थांबू नये. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत: हा सांधा पुढे कधी उघडावा लागणार आहे का, आणि तो नीट झाला आहे याची खात्री आपण कशी करून घेणार आहोत.

प्रथम भोकाचा विचार करू. पोलादाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात भोक पाडल्यावर कडेशी ताण एकवटतो, पण धातू तिथे किंचित लवतो आणि जास्तीचा भार शेजारच्या बोल्टांकडे सरकतो. कार्बन किंवा काचधाग्याच्या लॅमिनेटला, म्हणजे रेझिनने एकावर एक जोडलेल्या थरांच्या पत्र्याला, असे लवणे जवळजवळ ठाऊक नसते. ते तुटेपर्यंत ताठ राहते. त्यामुळे एका ओळीत चार बोल्ट लावले तर टोकाचे दोन बोल्ट आपल्या वाट्यापेक्षा बराच जास्त भार उचलतात आणि मधले दोन काहीसे निवांत राहतात. गोल भोकाच्या कडेला ताण सर्व दिशांना सारख्या असलेल्या पदार्थात तिपटीने वाढतो. कार्बनचे सगळे धागे एकाच दिशेला असतील आणि भारही त्याच दिशेने असेल, तर ही वाढ सहा-सात पटींपर्यंत जाते. म्हणून बोल्टसाठी लॅमिनेट करताना भाराच्या दिशेशी ०, ९० आणि उणे-अधिक ४५ अंशांत धागे असलेले थर पुरेशा प्रमाणात मिसळावे लागतात. नुसत्या ० अंशाच्या पट्टीतून बोल्ट धाग्यांना समांतर असा लॅमिनेटचा तुकडा खेचून बाहेर येतो.

भोकाची जागाही ठरवूनच घ्यावी लागते. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर व्यासाच्या किमान तिप्पट आणि दोन भोकांमधले अंतर चार ते पाच पट ठेवण्याचा प्रघात आहे. धातूकामाची सवय असलेल्या माणसाला हे अंतर उधळेपणाचे वाटते, पण ते कमी केल्यास लॅमिनेट ताणाखाली आडवे फाटते. ही फाट अचानक होते. त्याउलट भोकाची भिंत बोल्टखाली हळूहळू चिरडली जाणे हे अपयश सोसण्याजोगे आहे, कारण ते आधी सूचना देते. बोल्टचा सांधा आखणाऱ्याने सांधा मोडलाच तर याच रीतीने मोडेल अशी व्यवस्था करावी.

ड्रिलिंगच्या वेळी आणखी काळजी लागते. ड्रिल बाहेर पडताना शेवटचे थर ढलप्यासारखे उचलले जातात, म्हणून मागे लाकडाची किंवा टाकाऊ लॅमिनेटची आधारफळी दाबून धरणे आणि कार्बाइडचे धारदार ड्रिल वापरणे आवश्यक असते. कार्बनची धूळ बारीक, फुफ्फुसाला घातक आणि वीजवाहकही असते, त्यामुळे ती जागच्या जागी ओढून घेण्याची सोय हवी. ठोकून फुगवायचे रिव्हेट लॅमिनेटमध्ये टाळावेत. फुगणारे अंग भोकाच्या भिंती फोडते.

आता अ‍ॅडहेसिव्हकडे वळू. त्याचे मोठे सामर्थ्य असे की एकही धागा न कापता भार एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जातो. मात्र हा भार समान पसरतो हा समज चुकीचा आहे. १९३८ साली फोल्कर्सन यांनी दाखवले की एकावर एक चढवलेल्या सांध्यात कातरण्याचा ताण दोन टोकांशी एकवटतो आणि मधला भाग थोडाच भार घेतो. पुढे १९४४ मध्ये गोलंड आणि राइसनर यांनी त्यात वाकण्याचा हिशेब मिळवला: दोन पट्ट्या एकाच रेषेत नसल्याने सांधा ओढला की वाकतो आणि टोकाशी सोलणारा ताण निर्माण होतो. लॅमिनेट थरांच्या जाडीच्या दिशेने सर्वांत दुबळे असल्याने बऱ्याचदा अ‍ॅडहेसिव्ह शाबूत राहते आणि लॅमिनेटचा वरचा थरच सोलून निघतो. अशा वेळी महागडे, आणखी मजबूत अ‍ॅडहेसिव्ह आणण्यापेक्षा पट्टीचे टोक उतरते करणे, कडेला बाहेर आलेले अ‍ॅडहेसिव्ह पुसून न टाकता त्याची लहानशी गोलाई ठेवणे किंवा दोन्ही बाजूंनी पट्टी लावणे अधिक उपयोगी ठरते.

एक ठोकळ हिशेब मांडतो; आकडे नेहमीच्या पल्ल्यातले असले तरी आराखड्यासाठी ते वापरू नयेत. २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि सर्व दिशांना धागे असलेली कार्बनची पट्टी ५०० मेगापास्कलला तुटते असे धरल्यास ती साधारण ३७ किलोन्यूटन उचलते. ६ मिमीच्या एका बोल्टखाली भोकाची चिरडली जाणारी जागा १८ चौरस मिमी. ४५० मेगापास्कल धरल्यास या बोल्टखालची भिंत ८ किलोन्यूटनला चिरडते. २५ मिमी चढवून चिकटवलेला भाग ६२५ चौरस मिमी. सरासरी २० मेगापास्कलला तो १२ ते १३ किलोन्यूटन देतो. चढाव दुप्पट केला तरी शक्ती दुप्पट होत नाही, कारण टोकेच भार घेत असतात. तरीही लांब चढाव फुकट जात नाही: मधला निवांत भाग दीर्घकाळच्या भाराखाली सांध्याला सावकाश सरकू देत नाही.

याच हिशेबात जाडी वाढवून पाहावी. लॅमिनेट १२ मिमी झाले की पट्टीची शक्ती चौपट होते, जाड बोल्ट वापरून बोल्टची शक्तीही मोठ्या प्रमाणात वाढवता येते. साध्या चिकट सांध्याची शक्ती मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. जाड भाग चिकटवायचाच असेल तर पायऱ्यापायऱ्यांचा किंवा लांब तिरका सांधा करावा लागतो. विमानाच्या लॅमिनेटची चिकटवून दुरुस्ती करताना दर १ मिमी जाडीला २० ते ३० मिमी किंवा त्याहूनही लांब उतार तासतात, यावरून जागा किती लागते याची कल्पना यावी. पातळ कवचासाठी अ‍ॅडहेसिव्ह आणि जाड बुंध्यासाठी बोल्ट, असा पात्यातला कौल असा हिशेबानेच निघतो.

शक्तीपेक्षा अवघड मुद्दा विश्वासाचा आहे, आणि माझ्या मते निवड बहुतेक वेळा इथेच ठरते. बोल्ट दिसतो, टॉर्क रेंचने मोजता येतो, सैल झाला तर पुन्हा आवळता येतो. चिकटवलेल्या सांध्यात पोकळी राहिली असेल तर अल्ट्रासोनिक तपासणीत ती सापडते. दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट टेकलेले आहेत, मध्ये अ‍ॅडहेसिव्हही आहे, पण पकड मात्र नाही, असा दोष कोणत्याही यंत्राला विश्वासाने पकडता येत नाही. साच्याला लावलेल्या सिलिकोनचा अंश, हाताचा तेलकटपणा किंवा लॅमिनेटमध्ये मुरलेला ओलावा एवढेही असा दोष निर्माण होण्यास पुरते. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे २००९ सालचे कंपोझिट संरचनांविषयीचे परिपत्रक म्हणूनच ज्या चिकट सांध्याच्या अपयशाने विमान जाऊ शकते त्याच्यासाठी तीन मार्ग सांगते: सांधा ठराविक मर्यादेपर्यंत सुटला तरी उरलेली रचना भार पेलेल असा आराखडा, प्रत्येक भागावर प्रत्यक्ष भार टाकून चाचणी, किंवा प्रत्येक सांध्याची शक्ती खात्रीने सांगणारी विनाविध्वंस तपासणी. तिसरा मार्ग आजही बव्हंशी कागदावरच आहे, आणि पहिल्या मार्गाने जाताना अनेकदा सांध्यात बोल्ट येतात.

म्हणून अ‍ॅडहेसिव्ह निवडणाऱ्याने खरे तर कामाची शिस्त निवडलेली असते. पील प्लाय (लॅमिनेटवर घातलेले, चिकटवण्याआधी सोलून काढायचे कापड) सोलून काढल्यावरही पृष्ठभाग हलका घासणे, सॉल्व्हंटने पुसताना प्रत्येक वेळी नवे कापड घेणे, त्यावर पाण्याचा अखंड पापुद्रा टिकतो की थेंब गोळा होतात हे पाहणे, लॅमिनेट पुरते वाळवणे आणि तयार पृष्ठभाग ठरलेल्या वेळेत चिकटवणे, यातली एकही पायरी घाईत गाळून चालत नाही. इपॉक्सी अ‍ॅडहेसिव्हचा थर साधारण ०.१ ते ०.३ मिमी राहावा म्हणून त्यात बारीक काचेचे मणी मिसळतात. क्लॅम्प जास्त आवळून सगळे अ‍ॅडहेसिव्ह बाहेर काढणे ही नवशिक्यांची हमखास चूक असते. सोबत त्याच दिवशी, त्याच डब्यातले अ‍ॅडहेसिव्ह घेऊन नमुन्याच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि त्या तोडून पाहाव्यात. तुटलेल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅडहेसिव्ह दिसले किंवा लॅमिनेटचे धागे उपटून आले तर काम ठीक झाले. एक बाजू चकचकीत स्वच्छ निघाली तर आकडा कितीही चांगला आलेला असला तरी तो सांधा नाकारावा.

हवामानाचे मुद्दे थोडक्यात सांगता येतात. अ‍ॅडहेसिव्हला एका मर्यादेपुढची उष्णता सोसत नाही आणि ओलाव्याने ती मर्यादा आणखी खाली येते. बोल्टच्या बाजूला धोका गंजाचा आहे: कार्बनला टेकलेले अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात झपाट्याने खाल्ले जाते, म्हणून टायटॅनियमचे बोल्ट वापरतात आणि मध्ये काचधाग्याचा एक थर घालतात. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटवायचे असतील तर प्रसरणाचा हिशेब आधी करावा. १ मीटर लांबीचा सांधा १२० अंश सेल्सिअसला क्युअर करून, म्हणजे अ‍ॅडहेसिव्ह घट्ट होऊ देऊन, २० अंशांवर आणला, तर दोन्ही पदार्थांच्या आकुंचनात सुमारे २ मिमीचा फरक पडतो आणि तो सगळा टोकाच्या अ‍ॅडहेसिव्हवर येतो. अशा ठिकाणी सामान्य तापमानाला घट्ट होणारे, ताणले जाणारे पॉलियुरेथेन किंवा मेथाक्रिलेट घेणे शहाणपणाचे ठरते, शक्ती काहीशी कमी मिळाली तरी. पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकवर आधारलेल्या कंपोझिटला मात्र ज्योत, प्लाझ्मा किंवा प्रायमरचा संस्कार केल्याशिवाय बहुतेक अ‍ॅडहेसिव्ह धरतच नाहीत. तिथे वितळवून जोडण्याचा विचार आधी करावा.

राहिला दोन्ही एकत्र वापरण्याचा पर्याय. चिकटवूनही घ्यावे आणि बोल्टही मारावेत, म्हणजे शक्तीची बेरीज होईल, असे अनेकांना वाटते. तशी बेरीज होत नाही. कडक इपॉक्सीचा सांधा बोल्टपेक्षा कितीतरी ताठ असल्याने तो सुटेपर्यंत जवळजवळ सगळा भार तोच घेतो आणि बोल्ट भोकांत नुसते बसून राहतात. सांधा सुटल्यावर संपूर्ण भार एकदम बोल्टांवर येतो, म्हणून तो पेलण्याइतके बोल्ट सुरुवातीपासूनच धरावे लागतात. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे छप्पर उडाले, त्यामागे हीच साखळी होती, जरी तिथे पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा होता: थंड पद्धतीने चिकटवलेले सांधे ओलाव्याने सुटले, भार रिव्हेटांकडे गेला, आणि काउंटरसिंक केलेल्या (रिव्हेटचे डोके आत बसावे म्हणून तोंडाशी उतरत्या केलेल्या) भोकांच्या धारदार कडांपासून थकव्याच्या भेगा पसरल्या. तरीही टोकाशी एक-दोन बोल्ट मारण्यात अर्थ आहे, कारण ते सोलणे रोखतात, आघाताने सुरू झालेली फूट पुढे जाऊ देत नाहीत आणि क्युअर होईपर्यंत भाग जागेवर धरून ठेवतात.

स्वच्छ, तापमान राखलेली खोली आणि शिस्तीचे हात उपलब्ध असतील, भाग पातळ असेल आणि तो पुन्हा उघडायचा नसेल, तर मी निःशंकपणे अ‍ॅडहेसिव्ह घेईन. उघड्यावर, धुळीत, वेगवेगळ्या हातांनी होणारे काम असेल, किंवा आतली यंत्रणा तपासायला दरवर्षी झाकण काढावे लागणार असेल, तर वजन वाढले तरी बोल्ट. मात्र हा निर्णय लॅमिनेट घालण्याआधीच व्हायला हवा: बोल्टच्या जागी ४५ अंशांचे जादा थर आणि वाढीव जाडी साच्यातच द्यावी लागते, आणि चिकटवायच्या जागी पील प्लायही तेव्हाच ठेवावे लागते.